काळ्या दगडाची खाण आणि क्रशर: वाया जाणारा माल कमी कसा करायचा, उरलेला कामाला कसा लावायचा

काळ्या दगडाच्या खाणीवर गेलं की क्रशरच्या मागे एक ढीग हमखास दिसतो. वरून काढलेली माती, मुरूम, जॉमध्ये (क्रशरच्या दगड फोडणाऱ्या जबड्यात) न मावलेले धोंडे, चाळणीखाली साठलेली डस्ट असं सगळं तिथे येऊन पडलेलं असतं. पावसाळ्यात तो ढीग वाहतो, शेजारच्या शेतात उतरतो आणि तक्रारी सुरू होतात. त्या ढिगातली जवळजवळ प्रत्येक वस्तू निघाली तेव्हा विकण्याजोगी होती. मुरमाला गिऱ्हाईक आहे, डस्टला आहे, धोंड्यालाही आहे. पण तिन्ही एकत्र कालवले की तो माल कुणालाच नको असतो. म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: माल जिथे निघतो तिथेच वेगळा करा आणि शेवटपर्यंत वेगळाच ठेवा.

हे सगळं महाराष्ट्रातल्या बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या खाणींना धरून लिहिलं आहे. कोकणातल्या जांभ्याच्या चिरेखाणींचं गणित वेगळं असतं. तिथलं मुख्य नुकसान चिरा कापताना होतं, ते इथे घेतलेलं नाही.

पायरी १: महिनाभर वजनाचा हिशेब ठेवा

विक्रीचा हिशेब सगळीकडे चोख असतो, कारण रॉयल्टी आणि जीएसटी त्यावर ठरतात. वाया किती गेलं, हे मात्र फारसं कुणी लिहून ठेवत नाही. आणि जे लिहिलेलं नाही ते कमीही होत नाही.

हिशेब ब्रासमध्ये नको, टनात ठेवा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. पण खाणीतला अखंड ब्रास आणि डंपरमधला सुटा ब्रास यांत मोठा फरक पडतो. अखंड बेसाल्ट फुटला की मधल्या पोकळीमुळे साधारण दीडपट जागा व्यापतो. त्यात खडीचा ब्रास आणि डस्टचा ब्रास यांची वजनंही सारखी नसतात. ब्रासमध्ये मोजलं की नुकसान या फरकात लपून जातं.

वहीत पाच रकाने पुरतात: जॉला गेलेला दगड, विकलेला माल (प्रत्येक आकाराचा वेगळा), यार्डात शिल्लक माल, ढिगावर टाकलेला माल आणि हिशेब न लागलेला माल. जॉकडे जाणारा प्रत्येक डंपर काट्यावर घेणं शक्य नसेल तर रोज दोन-तीन खेपा वजन करून सरासरी धरा. समजा महिन्यात जॉला १०,००० टन दगड गेला. विक्री आणि शिल्लक मिळून ९,१०० टन झाली, ६०० टन ढिगावर गेले. उरलेले ३०० टन कुठे आहेत? ते बेल्टखाली सांडलेले असतात, रस्त्यावर पडलेले असतात, धूळ होऊन उडालेले असतात. त्यासाठी डिझेल, सुरुंग आणि वीज या सगळ्याचा खर्च झालेलाच असतो.

पहिल्या महिन्याचे आकडे समोर आले की कोणत्या पायरीवर आधी हात घालायचा ते आपोआप कळतं.

पायरी २: वरचे थर एकमेकांत मिसळू देऊ नका

विहिरी खणणाऱ्यांना हे थर तोंडपाठ असतात. वर माती, खाली मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, मग पक्का पाषाण. मधूनच गेरूचा लाल पट्टा. दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून बनलेलं आहे, त्यामुळे खाण खोल गेली की चांगल्या दगडाखाली पुन्हा मांजऱ्या किंवा गेरू लागू शकतो. थर वेगळे करण्याचं काम खाण उघडताना एकदा करून संपत नाही.

माती उन्हाळ्यात, कोरडी असताना काढा. ओली माती यंत्राखाली दाबली जाऊन विटेसारखी होते. ढीग दोन मीटरपेक्षा उंच करू नका, नाहीतर आतल्या भागाला हवा मिळत नाही आणि मातीचा कस जातो. पाऊस पडताच त्यावर ताग किंवा गवताचं बी टाका, म्हणजे ढीग वाहत नाही. ही माती विकून मोकळं व्हायचा मोह होतो, पण खाण बंद करताना झाडं लावायला तीच लागते आणि तेव्हा बाहेरून आणायची म्हटली तर महाग पडते. काळी माती बांधकामाच्या भरावाला देऊ नका. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि वरची फरशी उचलली गेली की दोष तुमच्या नावावर येतो.

मुरमाला मागणी असते, फक्त वेळ साधावी लागते. रस्त्याच्या साईडपट्ट्या, जोत्याचा भराव, शेतरस्ते, हे सगळं मुरमावरच चालतं. राज्यात २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना सुरू झाली. शेतरस्त्यांची कामं पिकं निघाल्यावर, पावसाळ्याआधी उरकली जातात. म्हणून ग्रामपंचायतीशी आणि ठेकेदारांशी डिसेंबर-जानेवारीतच बोलणी करा. मे महिन्यात ढीग दाखवायला गेलात तर दुसऱ्याने काम घेतलेलं असतं.

मांजऱ्या पाणी पितो आणि लवकर झिजतो. तो काँक्रीटच्या खडीत जाता कामा नये. भरावाला आणि खाणीतल्या अंतर्गत रस्त्यांना चालतो.

गेरूबाबत मात्र अजिबात सवलत नको. तो मुळात चिकणमातीच्या जातीचा. खडीला चिकटला की सिमेंट पकडत नाही, डस्टमध्ये गेला की सगळी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, बाद होते. पोकलेनच्या ऑपरेटरला एकच सूचना ठाम द्या: बकेटमध्ये लाल दिसलं की थांबायचं, सुपरवायझरला बोलवायचं आणि तो माल वेगळ्या खेपेत न्यायचा. आता यातली खरी अडचण. डंपरवाल्याला खेपेवर पैसे मिळत असतील तर तो जवळचाच ढीग गाठणार, त्याला दोष देऊन उपयोग नाही. वेगळे ढीग त्याच्या वाटेवरच करा, प्रत्येकाजवळ मोठ्या अक्षरांत पाटी लावा, किंवा लांबच्या ढिगाच्या खेपेला थोडा जास्त दर द्या. वेगळं करण्याची शिस्त अशा साध्या सोयींवर टिकते.

मांजऱ्याच्या पोकळ्यांत जिओलाइट नावाच्या खनिजांचे पांढरे-गुलाबी स्फटिक सापडतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून निघालेलं निळंभोर कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे आहे. हे खनिज आधी अमेरिकेत ओरेगॉन राज्यात सापडलं होतं, पण त्याचे सर्वांत देखणे नमुने वाघोलीचेच मानले जातात. अशी पोकळी लागली तर ब्रेकर थांबवा, फोटो काढा, आणि जिल्हा खनिकर्म कार्यालयाला व जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. जॉमध्ये गेलेला स्फटिक परत येत नाही.

पायरी ३: सुरुंगातच निम्मं काम होतं

क्रशरवर कितीही पैसे घाला, सुरुंग चुकला की नुकसान ठरलेलंच. फार मोठे धोंडे निघाले तर ते पुन्हा फोडायचा खर्च येतो. फार चुरा झाला तर विकाऊ दगडाचीच माती झालेली असते. सुरुंगाची आखणी परवानाधारक ब्लास्टरनेच करायची आहे, त्यात मालकाने ढवळाढवळ करू नये. पण प्रश्न जरूर विचारावेत.

पहिला प्रश्न भोकांच्या अंतराचा. कड्याच्या मोकळ्या तोंडापासून पहिली ओळ किती आत घेतली आहे? ती फार आत गेली तर दगड नीट सुटत नाही, मोठाले धोंडे पडतात आणि तळाला न फुटलेला उंचवटा राहतो. फार पुढे आली तर ताकद हवेत जाते आणि दगड उडतात. बेसाल्टला उभे सांधे असतात. ते कोणत्या दिशेने जातात हे कड्यावर उघड दिसतं, आणि भोकांची ओळ त्या हिशेबाने धरली तर मागचा कडा कमी फुटतो. मागचा कडा फुटणं म्हणजे पुढच्या सुरुंगाचा दगड आजच खिळखिळा होणं. पुढच्या खेपेला तोच दगड बेढब धोंड्यांच्या रूपाने अंगावर येतो.

दुसरा प्रश्न भोकाच्या तोंडाचा, आणि इथे बरंच नुकसान नकळत होतं. स्फोटक भरून झालं की वरचा भाग बुजवावा लागतो. बहुतेक ठिकाणी ड्रिलिंग करताना भोकातून निघालेली पूडच पायाने आत लोटतात, कारण ती शेजारीच पडलेली असते. पूड स्फोटाचा दाब पेलत नाही, पिचकारीसारखी वर फेकली जाते. वायू वरच्या वर निसटतो आणि खालचा दगड अर्धवट फुटतो. त्याऐवजी धारदार कडांची बारीक खडी वापरा. तिचे तुकडे दाबाखाली एकमेकांत अडकतात आणि भोक घट्ट बंद होतं. खडीचा आकार भोकाच्या व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा ठेवावा. ११५ मिलिमीटरच्या भोकाला १० ते १२ मिलिमीटरची खडी, जॅकहॅमरच्या ३२-३४ मिलिमीटरच्या भोकाला तीन-चार मिलिमीटरचे कण. भरताना हळू सोडा, म्हणजे डिटोनेटरची नळी किंवा वायर कापली जाणार नाही. जी बारीक खडी तुमच्या यार्डात विक्रीविना पडून आहे, तिचा सर्वांत जवळचा आणि चांगला उपयोग हा आहे.

तिसरी गोष्ट नोंदीची. प्रत्येक सुरुंगानंतर पडलेल्या राशीचा फोटो काढा, आणि राशीवर एक मीटर लांबीची लाल-पांढरी रंगवलेली काठी ठेवून काढा. काठीशेजारी दगडांचा आकार लगेच कळतो. फोटोसोबत भोकांची संख्या, खोली, अंतर आणि स्फोटक लिहून ठेवा. सात-आठ सुरुंगांचे फोटो शेजारी शेजारी लावले की कोणती आखणी आपल्या दगडाला मानवते ते ब्लास्टरलाही दिसतं. अशी वही असलेला ब्लास्टर आणि नसलेला ब्लास्टर यांच्या कामात फरक पडतोच.

धोंडे फोडायला दुसरा सुरुंग लावू नका. उडणाऱ्या दगडांचा धोका त्यातच जास्त असतो. पोकलेनला रॉक ब्रेकर लावा. आणि फोडण्याआधी पुढची पायरी वाचा.

पायरी ४: प्रत्येक धोंडा फोडलाच पाहिजे असं नाही

जॉच्या तोंडाच्या रुंदीच्या साधारण ८० टक्के आकारापर्यंतचा दगड तो सहज घेतो. २० इंची तोंडाला १६ इंची दगड. त्यावरचे दगड बाजूला काढून आकाराप्रमाणे तीन राशी करा.

सर्वांत मोठे, घट्ट, भेग नसलेले धोंडे किनाऱ्यावरच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांना आणि बंदरांच्या कामांना लागतात. अंतर परवडत असेल तरच याचा विचार करा, वाहतुकीत पैसा जातो.

मधल्या आकाराच्या दगडाला गावागावांत काम आहे. धरणाच्या आणि तलावाच्या पाणसाईडचं पिचिंग, अनघड दगडी बांधकाम, रस्त्याचं सोलिंग, पाणलोटाच्या कामातले गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेले) बंधारे. गॅबियनसाठी १५० ते २५० मिलिमीटरचा दगड बरा, कारण जाळीच्या भोकापेक्षा तो मोठाच हवा. इथे मांजऱ्या किंवा कुजका दगड अजिबात देऊ नका. दोन पावसाळ्यांत तो झिजतो, जाळी ढिली पडते आणि बंधारा बसतो. ओढ्यातले दगड उचलून बंधारे बांधण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. त्याने ओढ्याचा तळच उघडा पडतो. खाणीतला डबर वेळेवर मिळाला तर ती पाळी येत नाही.

तिसरी रास घडाईची. एकसंध, किमान एक सपाट बाजू असलेले दगड हातघडाईच्या कारागिरांसाठी राखून ठेवा. पाटा-वरवंटा, जातं, उखळ, वृंदावन, पायऱ्या, कुंपणाचे खांब, जुन्या वाड्यांच्या आणि मंदिरांच्या दुरुस्तीचे चिरे, यांना अजून मागणी आहे आणि ती वाढतेही आहे. हे कसब महाराष्ट्रात वडार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं आहे. यंत्रं आल्यावर ज्यांच्या हातची खाण गेली, त्यांना निदान चांगला दगड निवडून घेण्याची मुभा द्यावी असं मला मनापासून वाटतं. व्यवहारही तोट्याचा नाही. खडीच्या दरात गेलेला दगड आणि घडीव कामाच्या दरात गेलेला दगड यांच्या किमतीत कितीतरी अंतर असतं. घडाईत उडालेल्या कपच्याही वाया घालवू नका. दगडी भिंतीच्या सांध्यात आणि गाभ्यात भरायला गवंडी त्या मागून नेतात.

पायरी ५: क्रशरवर चुरा कुठे वाढतो ते शोधा

जॉच्या आधी ग्रिझली, म्हणजे जाड लोखंडी दांड्यांची जाळी, बसवलेली नसेल तर आधी ती बसवा. दगडाबरोबर आलेली माती-मुरूम तिथेच गळून वेगळ्या बेल्टवर जाते. हा मातकट माल रस्त्याच्या भरावाला चालतो. तो जॉमधून पुढे गेला तर मात्र तुमच्या डस्टमध्ये मिसळून तिची किंमत पाडतो.

जॉचं खालचं अंतर गरजेपेक्षा आवळून ठेवू नका. एकाच टप्प्यात फार बारीक करायला गेलं की चुरा वाढतो आणि चपटी खडीही वाढते. जॉनंतर दगड आणखी बारीक करणारा कोन क्रशर भरलेला चालवा. अर्धा रिकामा चालला तर दगड दगडाशी घासत नाही आणि आकार बिघडतो. आयएस ३८३, म्हणजे काँक्रीटच्या खडी-वाळूचं भारतीय मानक, त्याप्रमाणे खडीतल्या चपट्या आणि लांबट तुकड्यांचा एकत्रित निर्देशांक ४० टक्क्यांच्या आत हवा. रस्त्याच्या वेट मिक्सला (खडी, डस्ट आणि पाण्याच्या मिश्रणाला) रस्ते मंत्रालयाचे निकष ३५ टक्क्यांचे आहेत. नापास झालेला ट्रक परत आला की तोही शेवटी मागच्या ढिगावरच जातो.

चाळण्या रोज पाहा. एक भोक फाटलं की वीस मिलिमीटरची खडी दहाच्या राशीत जाते आणि दोन्ही राशी बिघडतात. आकारांच्या राशींमध्ये जुन्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती घाला. लोडर वळताना राशी एकमेकांत शिरतात, त्या थांबतात.

सुट्या भागांचं थोडक्यात. जॉच्या मँगनीज प्लेटा खालच्या बाजूला जास्त झिजतात, वेळेत उलट्या फिरवल्या तर दोन्ही टोकं वापरून होतात. झिजून गेल्यावर त्या भंगाराच्या सरसकट दरात देऊ नका, फौंड्रीकडे स्वतंत्र विचारा. जुन्या कन्व्हेयर बेल्टचे पट्टे शूटच्या (माल खाली सोडणाऱ्या घसरणीच्या) आत अस्तर म्हणून आणि बेल्टच्या टोकांना धूळ अडवणारे पडदे म्हणून उत्तम चालतात. जळकं ऑइल अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्या, रस्त्यावर शिंपडू नका.

पायरी ६: डस्ट

खाणीच्या ढिगात सर्वांत जास्त जागा हिचीच असते. काही भागांत हिला कच म्हणतात. चाळणीतून ४.७५ मिलिमीटरखाली पडलेला हा सगळा माल. नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून हिचं महत्त्व वाढलं आहे, आणि त्याबरोबर फसवणूकही वाढली आहे. डस्ट आणि क्रश सँड एक नव्हेत. क्रश सँडसाठी व्हीएसआय यंत्रात कणांच्या कडा घासून आकार दिलेला असतो, सगळ्या जाडीचे कण प्रमाणात असतात आणि जादा पूड हवेने किंवा पाण्याने काढलेली असते. जॉखालची डस्ट उचलून 'सँड' म्हणून पाठवली तर प्लॅस्टरला केसासारख्या भेगा पडतात. गवंडी पाणी वाढवतो आणि काँक्रीटची ताकद जाते. असा माल विकू नये, कुणी मागितला तरी.

आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार फोडलेल्या दगडाच्या वाळूत ७५ मायक्रॉनखालची पूड १५ टक्क्यांपर्यंत चालते. नैसर्गिक वाळूला हीच मर्यादा ३ टक्के आहे. एवढी सवलत मिळते, कारण ही पूड दगडाची असते, चिकणमातीची नसते. म्हणूनच वर गेरूबद्दल एवढं बजावून सांगितलं.

जागेवर पाहायची सोपी रीत अशी. काचेच्या ग्लासात चार बोटं डस्ट घाला, वर पाणी ओता, जोरात ढवळा आणि ठेवून द्या. दगडाची पूड खाली बसते आणि वर बऱ्यापैकी स्वच्छ पाणी येतं. चिकणमाती असेल तर पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहतं. पाण्याला तांबूस झाक आली तर गेरू आला असं समजा आणि तो दगड खाणीच्या कोणत्या भागातून आला ते शोधा. ही चाचणी रोजच्या नजरेसाठी आहे. गिऱ्हाइकाला द्यायचा अहवाल मात्र प्रयोगशाळेचाच हवा. चाळण्यांचा एक संच आणि वजनकाटा यार्डातच ठेवला तर आठवड्याची चाळणी-चाचणी आपल्याच माणसाकडून होते.

आता उपयोग, माझ्या पसंतीच्या क्रमाने.

व्हीएसआय आणि पूड वेगळी करणारी यंत्रणा परवडत असेल तर क्रश सँड. ती वजनावर विका, कारण ओली वाळू फुगते आणि ब्रासवर वाद होतात. राज्य सरकारने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण आणलं आहे आणि त्यात युनिटना सवलती आहेत. अर्ज करण्याआधी चालू अटी जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या.

तेवढं भांडवल नसेल तर वेट मिक्स आणि जीएसबीसाठी (रस्त्याच्या पायातल्या थरासाठी) डस्ट खडीत ठरलेल्या प्रमाणात मिसळून तयार माल विका. तयार मिश्रणात डस्ट हा आवश्यक घटक असतो. खडीच्या पोकळ्या तीच भरते आणि दबई नीट बसते. सुटी डस्ट गिऱ्हाईक शोधत बसते, मिश्रणातली डस्ट खडीबरोबर जाते. अट एवढीच की तिच्यात चिकटपणा नको. वेट मिक्समधल्या बारीक भागाचा प्लॅस्टिसिटी इंडेक्स ६ च्या वर चालत नाही.

तिसरा मार्ग खाणीजवळच पेव्हर ब्लॉक आणि सॉलिड ब्लॉकचा. गावातल्या बचत गटाला किंवा तरुणांना जागा आणि डस्ट ठरलेल्या दराने दिली तर वाहतूक वाचते आणि खाणीला गावात चार माणसं आपली म्हणणारी मिळतात. ब्लॉकना २१ दिवस नाही तरी निदान १४ दिवस पाणी मिळालंच पाहिजे. उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घेऊन हा धंदा परवडत नाही, हे आधीच पाहून घ्या.

त्याखाली पेव्हरखालचा थर, पाइपलाइनच्या चरातला भराव, अशी किरकोळ कामं.

एक उपयोग मात्र मी सुचवणार नाही. दगडाची पूड शेतात खत म्हणून टाकण्याच्या गोष्टी अलीकडे बऱ्याच ऐकू येतात. देशावरची काळी जमीन बेसाल्ट झिजूनच बनलेली आहे. त्यात पुन्हा बेसाल्टचीच पूड टाकून शेतकऱ्याच्या हाती लवकर काही लागेल असं मला वाटत नाही. माती परीक्षण आणि कृषी विद्यापीठाचा सल्ला नसताना अशी पूड खत म्हणून विकणं योग्य नाही.

उडणारी धूळ हाही मालच आहे, फक्त तो शेजाऱ्याच्या द्राक्षांवर आणि डाळिंबांवर जाऊन बसतो. जॉच्या तोंडावर आणि बेल्ट जिथे खाली पडतो तिथे पाण्याचे फवारे, बेल्टवर पत्र्याचं झाकण, वाऱ्याच्या बाजूला भिंत आणि झाडांच्या ओळी, एवढं तरी हवंच. यंत्रापासून ठरलेल्या अंतरावर हवेतल्या कणांची भर प्रति घनमीटर ६०० मायक्रोग्रॅमच्या खाली असली पाहिजे, असं क्रशरसाठीचं मानक आहे. चाळणीजवळ काम करणाऱ्याला रुमाल बांधून चालत नाही. त्याला चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क द्या आणि वर्षाला छातीची तपासणी करून घ्या.

पायरी ७: धुण्याचा गाळ आणि पाणी

वॉश सँड काढत असाल तर एकामागून एक तीन टाक्या करा. पहिल्या टाकीत बसलेला भरड माल परत वाळूत जातो. दुसरीतला वाळवून भरावाला वापरता येतो. तिसरीतलं निवळलेलं पाणी पंपाने परत वॉशरला द्या. गाळाचं पाणी ओढ्यात सोडणं गुन्हा तर आहेच, शिवाय खालच्या गावाच्या विहिरींचे झरे त्याने बुजतात. जागा कमी आणि माल जास्त असेल तर फिल्टर प्रेस, म्हणजे गाळ दाबून पाणी काढणारं यंत्र, बसवा. त्यातून निघणारी वडी हाताळायला सोपी असते आणि खाणीच्या तळाचा भराव म्हणून टप्प्याटप्प्याने वापरता येते.

पायरी ८: बाहेरचा राडारोडा घ्यायचा का?

शहराजवळचे क्रशर आता पाडलेल्या इमारतींचं काँक्रीट फोडायला घेऊ लागले आहेत. कल्पना चांगली आहे, तेवढा डोंगर वाचतो. आयएस ३८३ प्रमाणे काँक्रीट फोडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम २५ दर्जापर्यंतच्या आरसीसीत (सळईच्या काँक्रीटमध्ये) २० टक्के आणि एम १५ दर्जाखालच्या कामात पूर्ण वापरता येते. मात्र परवानगी वेगळी लागते आणि हा माल नव्या दगडाच्या राशीत चुकूनही जाता कामा नये. वेगळा दिवस, वेगळी रास, आणि बिलावर स्पष्ट उल्लेख.

पायरी ९: कागद

'टाकाऊ' म्हटलं म्हणून माल कायद्यातून सुटत नाही. मुरूम, डबर, डस्ट हे सगळं गौण खनिजात येतं आणि महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ त्याला लागू आहेत. खाणपट्ट्याबाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीला सरकारच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीचा वाहतूक पास हवा, मग माल ग्रामपंचायतीला फुकट दिलेला का असेना. चांगल्या भावनेने दिलेला मुरूम तहसीलच्या तपासणीत पकडला जातो आणि दंड मालाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. ओव्हरबर्डन (दगडावरून काढलेली माती-मुरूम) कुठे ठेवणार, किती वापरणार, किती परत भरणार, हे खाणकाम आराखड्यात आधीच लिहून घ्या.

पायरी १०: खड्डा भरण्याची सुरुवात खाण चालू असतानाच

धातूविरहित खाणींनाही लागू असलेल्या १९६१ च्या धातू-खाण विनियमांप्रमाणे कठीण दगडात बेंचची (कड्यात कापलेल्या पायरीची) उंची ६ मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. ही शिस्त पाळली तर शेवटी हातात पायऱ्यापायऱ्यांची जागा येते, आणि त्या पायऱ्यांवर माती टाकून झाडं लावता येतात. सरळसोट कडा कापला तर तिथे ना माती थांबते ना माणूस सुरक्षित राहतो.

एका बाजूचा दगड संपला की तिथे लगेच भराव सुरू करा. तळाला न विकलेले दगड, त्यावर मांजऱ्या आणि मातकट मुरूम, वर साठवलेली माती. म्हणजे नवा ढीग करण्याऐवजी आजचा ओव्हरबर्डन थेट जुन्या भागात जातो आणि एका मालाची दोनदा उचल वाचते. भरावात कचरा, प्लॅस्टिक, शहराचा राडा येऊ देऊ नका. खाली पाणी झिरपतं ते आसपासच्या विहिरींनाच जातं.

काही भाग पाण्यासाठी मोकळा ठेवायचा असेल तर त्याची आखणी आतापासून करा. पावसाचं पाणी आत येण्याच्या वाटेवर गाळ अडवणारा छोटा खड्डा, एका बाजूला उतरायला सौम्य उताराची वाट, कडेने पक्कं कुंपण. खाणीच्या पाण्यात पोहायला उतरलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. तळ अचानक खोल जातो आणि कड्याला धरायला काहीच नसतं. म्हणून उताराची वाट आणि कुंपण यांचा खर्च पंपाच्या आधी धरा. खाणपट्ट्याची मुदत संपण्याच्या निदान दोन पावसाळे आधी ग्रामसभेत बसून हे पाणी कुणाला, किती आणि कुणाच्या देखरेखीखाली द्यायचं ते ठरवून ठराव करून घ्या, म्हणजे यंत्रं जागेवर असतानाच उतार, वाट आणि कुंपण ही कामं उरकता येतील.